बाटलीतली हवा मोजकीच असते: मोठं डीझेल इंजिन सुरू होत नाही तेव्हा

(वलगाव, जि. अमरावती इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय फळ्यावर लिहिलाय, तो वाचून काही जणांना वाटेल की हे आपल्या कामाचं नाही. हवेच्या दाबावर सुरू होणारी मोठी डीझेल जनरेटर इंजिनं, आणि ती सुरू होत नाहीत तेव्हा काय बघायचं. पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी तरी कधीकाळी विहिरीवरचं इंजिन हॅन्डल मारून सुरू केलं असेल. माझं अर्धं व्याख्यान त्यांना आधीच येतंय.

आठवा. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं इंजिन. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि चाक हलकं फिरतं. मग हॅन्डल घालून जोर लावायचा. चाकाने वेग धरला की खटका सोडायचा. आत हवा दाबली जाते, तापते, त्यात डीझेलची फवार जाते आणि इंजिन बोलतं.

यात तीन गोष्टी झाल्या. एक, इंजिन फिरलं. दोन, पुरेशा वेगाने फिरलं. तीन, त्या वेळी डीझेल आत गेलं आणि पेटलं. पाच हॉर्सपॉवरचं असो की पाच हजाराचं, इंजिन सुरू झालं नाही तर या तिन्हींपैकी एक गोष्ट झालेली नाही. आज मी एवढंच सांगणार आहे, फक्त जरा सविस्तर.

हाताऐवजी हवा

मोठ्या इंजिनाला हॅन्डल लागत नाही, कारण तो क्रँकशाफ्टच काही टनांचा असतो. मग बॅटरी का नाही? काही ठिकाणी बॅटरीच असते. बडनेऱ्याहून इतकी वर्षं ज्या डीझेल गाड्या गेल्या, त्यांचं वाराणसीला बनलेलं डब्ल्यूडीएम-२ हे २६०० हॉर्सपॉवरचं, सोळा सिलिंडरचं इंजिन बॅटरीवरच सुरू व्हायचं. त्याला एक सोय होती. इंजिनाच्या शाफ्टवर डीसी जनरेटर बसलेला होता, तोच सुरुवातीला मोटरसारखा फिरवायचा. कारखान्यातल्या जनरेटर सेटवर अल्टरनेटर असतो, तिथे ही सोय नाही. आणि इंजिन जितकं मोठं, तितकी बॅटरी अवाढव्य. म्हणून जहाजं, मोठी वीजघरं, अणुवीजकेंद्रातले आणीबाणीचे सेट, सूतगिरण्या आणि सिमेंट कारखान्यांचे मोठे सेट, इथे बहुधा दाबाची हवा वापरतात. हे जुनंच आहे. रुडॉल्फ डीझेलच्या काळच्या इंजिनात इंधन फवारायलासुद्धा दाबाची हवा लागायची, म्हणजे हवेची बाटली इंजिनाबरोबर जन्मापासूनच आली.

रचना समजून घ्या. एक कॉम्प्रेसर, तो हवा साधारण ३० बारपर्यंत दाबतो. म्हणजे तुमच्या मोटरसायकलच्या टायरमधल्या दाबाच्या बारा-पंधरा पट. ती हवा लोखंडी टाकीत साठते, तिला कामावर सगळे बाटलीच म्हणतात. बाटलीवर दाबाचं घड्याळ, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि खाली पाणी काढायचा ड्रेन. तिथून पाइप इंजिनाकडे.

पुढे दोन पद्धती आहेत. पहिलीत एअर मोटर असते. हवेवर फिरणारी छोटी मोटर, तिचं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत जाऊन अडकतं आणि फ्लायव्हील फिरवतं. ट्रकच्या सेल्फसारखंच, फक्त विजेऐवजी हवा. दुसऱ्या पद्धतीत हवा थेट सिलिंडरमध्ये सोडतात. पिस्टन वर येऊन नुकताच खाली निघालाय अशा सिलिंडरचा स्टार्टिंग व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा पिस्टनला खाली ढकलते. मग पुढचा सिलिंडर, मग त्याच्या पुढचा. कोणाचा नंबर कधी, हे डिस्ट्रिब्यूटर ठरवतो.

इथे एक छोटं गणित. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र म्हणजे क्रँकचे दोन फेरे, ७२० अंश. सिलिंडर सहा असतील तर दर १२० अंशांनी एकाचा नंबर येतो. एक सिलिंडर तेवढा वेळ हवा घेऊ शकतो, म्हणून इंजिन कुठेही थांबलेलं असलं तरी कोणीतरी एक सिलिंडर हवा घ्यायला तयार असतो. चारच सिलिंडर असतील तर अंतर १८० अंश होतं, आणि मध्ये अशी जागा राहते की बटण दाबलं तरी कोणालाच हवा जात नाही. अशी इंजिनं आधी हाताने फिरवून योग्य जागी आणावी लागतात.

बाटलीत किती किक असतात?

समजा बाटली ५०० लिटरची आहे आणि दाब ३० बार. म्हणजे मोकळ्या हवेच्या हिशोबात ढोबळ १५ हजार लिटर हवा. पण १५ बारच्या खाली इंजिन जोरात फिरणार नाही असं धरा. म्हणजे कामाची हवा अर्धीच, साडेसात हजार लिटर. एका किकला बाराशे लिटर गेली तर झाल्या सहा किक. सहा संधी. संपल्या की संपल्या.

हे नियम करणाऱ्यांनाही माहीत आहे. जहाजांच्या नियमात, उलटसुलट फिरणाऱ्या मुख्य इंजिनासाठी कॉम्प्रेसर न लावता बारा वेळा आणि एकाच दिशेने फिरणाऱ्यासाठी सहा वेळा सुरू करता येईल एवढा साठा मागतात. जहाजावरच्या आणीबाणीच्या जनरेटरसाठी किमान तीन वेळा.

आता कॉम्प्रेसर कशावर चालतो? विजेवर. आणि इंजिन केव्हा सुरू करायचं असतं? वीज गेल्यावर. म्हणजे बाटली रिकामी झाली तर कॉम्प्रेसर चालवायला वीज नाही, आणि वीज करायला हवा नाही. कुलूप घरात आणि किल्लीही घरात. म्हणून जिथे शहाण्याने रचना केलेली असते तिथे कोपऱ्यात एक छोटा डीझेल कॉम्प्रेसर असतो, हॅन्डल मारून सुरू होणारा. शेवटी सगळं येऊन थांबतं ते आपल्या विहिरीवरच्या इंजिनाजवळच.

एक प्रसंग सांगतो. भारनियमनाची वर्षं तुम्हाला आठवतच असतील. त्या काळात आपल्याच भागातल्या एका सूतगिरणीत सहा सिलिंडरचा सेट होता. गिरणीचं नाव सांगत नाही, चूक आम्हा सगळ्यांची होती. रात्रपाळीत लाइट गेली. ऑपरेटरने बटण दाबलं. इंजिन छान फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. मला घरून बोलावलं तोवर पाच किक झाल्या होत्या आणि घड्याळ ११ बार दाखवत होतं. डीझेल कॉम्प्रेसर होता, पण त्याचा पट्टा काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुठल्या मशीनला काढून नेला होता. आणि मी पोचलो तेव्हा एक जण वेल्डिंगच्या शेडमधून ऑक्सिजनचं सिलिंडर ट्रॉलीवर ढकलत आणत होता. "साहेब, यात भरपूर दाब आहे."

ते सिलिंडर मी थांबवलं. का थांबवलं ते पुढे सांगतो. आधी त्या पाच किकचं बघू.

पहिला प्रश्न: फिरलं का?

बटण दाबलं आणि काहीच हललं नाही. तर दुसरी किक लगेच मारू नका. कान वापरा.

काहीच आवाज नाही, हवेचा फुस्ससुद्धा नाही, तर हवा इंजिनापर्यंत आलीच नाही. बाटलीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद असेल. पाणी काढायला बंद केला आणि उघडायचा राहिला, हे फार वेळा होतं. सोलेनॉइडला २४ व्होल्ट येत नसतील. बहुतेक सोलेनॉइडवर हाताने दाबायची सोय असते. तिथून हवा सुटली तर बिघाड विजेचा आहे, हवेचा नाही. किंवा इंटरलॉक अडवत असेल. टर्निंग गिअर अडकवलेलाच राहिलाय, इमर्जन्सी स्टॉप रीसेट केलेला नाही, आधी ऑइलचा दाब यायला हवा तो आलेला नाही.

इंटरलॉक अडवतोय म्हणून त्याची वायर काढून जोडू नका. टर्निंग गिअर अडकलेला असताना इंजिन पेटलं तर तो गिअर तुकडे होऊन खोलीभर उडतो. इंटरलॉक चिडलेल्या सासऱ्यासारखा असतो, त्याला बाजूला सारण्याआधी तो काय म्हणतोय ते ऐकून घ्या. (हशा)

हवेचा आवाज आला, पण इंजिन हललं नाही, तर तीन शक्यता. एअर मोटर असेल तर दात्यावर दाता बसून अडकलं असेल, किंवा मोटरच्या पात्या पाण्याने गंजून जाम झाल्या असतील. थेट हवेचं असेल तर मुख्य स्टार्टिंग व्हॉल्व्ह किंवा डिस्ट्रिब्यूटर अडकला असेल. आणि तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. सिलिंडरमध्ये पाणी, ऑइल किंवा डीझेल साचलं असेल. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर जाऊन अडतो. तरीही जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून नियम असा की इंजिन बराच वेळ बंद असेल तर आधी सगळे इंडिकेटर कॉक उघडायचे आणि टर्निंग गिअरने इंजिन दोन फेरे सावकाश फिरवायचं. कॉकमधून पाणी आलं तर तिथेच थांबायचं आणि ते कुठून आलं ते शोधायचं. काही आलं नाही तर टर्निंग गिअर काढायचा, कॉक बंद करायचे, मगच किक.

दुसरा प्रश्न: वेगाने फिरलं का?

इंजिन फिरलं, पण रडत-कुथत. किंवा थोडं पुढे जाऊन मागे झुललं. याने का पेटत नाही? डीझेल इंजिनात स्पार्क प्लग नाही. हवा दाबून पाचशे अंशांच्या वर तापवायची आणि त्या उष्णतेवर डीझेल पेटवायचं. पिस्टन सावकाश वर आला तर उष्णता थंड भिंतींत जाते आणि हवा रिंगांमधून खाली निसटते. सायकलच्या पंपाचं तसंच आहे. भराभर मारला तर बूड गरम होतं, सावकाश मारला तर होत नाही.

वेग कमी का? दाब कमी असेल. ऑइल थंड आणि घट्ट असेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, पण जानेवारीतल्या पहाटे तेच इंजिन गारठलेलं असतं. म्हणून पाण्याचा हीटर चालू आहे ना, हे रोज बघायचं. जनरेटरचा ब्रेकर उघडा आहे ना, बेअरिंग जड झालंय का, हेही बघायचं.

एका ठरावीक जागी झटका बसून मागे येत असेल तर बहुधा एखाद्या सिलिंडरचा स्टार्टिंग व्हॉल्व्ह अडकलाय. आणि ओव्हरहॉलनंतर पहिल्यांदाच असं होत असेल तर डिस्ट्रिब्यूटरचं टायमिंग तपासा. मिस्त्रीला राग येईल, तरी तपासा.

यासाठी एक वही ठेवा, चार आण्याचं काम आहे. प्रत्येक वेळी सुरू करताना लिहा: आधी दाब किती, नंतर किती. इंजिन ठणठणीत असताना एका किकला अडीच बार जातो असं दिसलं, आणि हळूहळू तो चार बारवर गेला, तर इंजिन तुम्हाला महिनाभर आधी सांगतंय की काहीतरी बिघडतंय. बंद पडल्यावर कळण्यापेक्षा हे स्वस्त.

तिसरा प्रश्न: पेटलं का नाही?

वेगाने फिरलं, आवाज छान, पण पेटत नाही. इथे एका माणसाला बाहेर धुरांड्याकडे उभं करा. त्याला एकच काम: धूर येतो का, आणि कोणता.

पांढरा धूर येतोय, तर डीझेल आत जातंय पण पेटत नाहीय. इंजिन थंड आहे, कॉम्प्रेशन गेलंय, नॉझल थेंब टाकतंय, किंवा डीझेलमध्ये पाणी आहे. काहीच धूर नाही, तर डीझेल आत जातच नाहीय. मग टाकीपासून पंपापर्यंत चालत जा. टाकीचा व्हॉल्व्ह, फिल्टर, लाइनमधली हवा, पंपाचा रॅक.

रॅक म्हणजे किती डीझेल जाईल ते ठरवणारी पट्टी. किकच्या वेळी ती शून्यावरून पुढे सरकली पाहिजे. हायड्रॉलिक गव्हर्नर असेल तर सुरुवातीला त्याच्या ऑइलला दाब नसतो, म्हणून स्टार्टिंगच्याच हवेवर चालणारा एक छोटा बूस्टर त्याला ढकलतो. तो अडकला की रॅक उशिरा उघडतो आणि तोवर हवा संपते.

आता गिरणीतल्या त्या रात्रीकडे. मी विचारलं, पाच किकमध्ये धूर आला का? आतल्या कोणालाच माहीत नव्हतं. बाहेर गेटवरचा वॉचमन म्हणाला, "नाही जी, काईच नाई आलं." एवढ्या वाक्यात अर्धा शोध संपला. टॉर्च घेऊन रॅक बघितला, शून्यावर. बंद करताना रॅक मागे ओढणारा जो स्टॉपचा छोटा सिलिंडर असतो, त्याचा दांडा गंजून तिथेच अडकला होता. डीझेल लावलं, हाताने हलवलं, सुटला. दहा मिनिटांचं काम.

पण हवा ११ बार. गावातल्या पिठाच्या चक्कीवाल्याला उठवून त्याचा पट्टा आणला, डीझेल कॉम्प्रेसरला चढवला, हॅन्डल मारलं. चाळीसेक मिनिटांनी २२ बार झाले. एकच किक मारली आणि इंजिन लागलं.

इंजिनाने पहिल्याच किकला सगळं सांगितलं होतं. फिरतोय, वेगही आहे, डीझेल मिळत नाही. पुढच्या चार किकनी नवीन काहीच कळलं नाही. उलट नुकसान झालं. बाटलीतून सुटलेली हवा पसरताना गार होते, म्हणजे प्रत्येक फसलेल्या किकने सिलिंडर आणखी थंड होतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच: आधीच्या किकने काय सांगितलं हे कळल्याशिवाय पुढची किक मारू नका.

जिथे जीव जातो

आता ऑक्सिजन. डीझेल कॉम्प्रेसर नसतो तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात हे येतंच, कारण वेल्डिंगचं सिलिंडर प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतं आणि त्यात दाब भरपूर असतो. पण हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. पाइपात कॉम्प्रेसरमधून आलेल्या ऑइलचा थर असतो. शुद्ध ऑक्सिजन दाबाने त्या ऑइलला भेटला की ते जळत नाही, फुटतं. पाइप, व्हॉल्व्ह, सिलिंडर हेड, जे समोर येईल ते. इंजिन उद्या सुरू होईल, माणूस होणार नाही. डीझेल इंजिन सुरू करायला ऑक्सिजन कधीही, कोणत्याही परिस्थितीत वापरायचा नाही. इथल्या आयटीआयच्या मुलांनी आजच्या सगळ्यातून एकच वाक्य नेलं तरी हे न्यावं.

दुसरा धोका ऑक्सिजनशिवायचा आहे आणि तो गुपचूप येतो. इंजिन चालू असताना एखाद्या सिलिंडरचा स्टार्टिंग व्हॉल्व्ह नीट बसला नाही, तर आतला पेटता वायू उलटा हवेच्या पाइपात शिरतो. तिथे ऑइलचा थर असतो. पुढच्या वेळी दाबाची हवा आली की पाइपात स्फोट. जहाजांवर अशा स्फोटांत माणसं गेली आहेत, म्हणूनच या पाइपांवर ज्वाला अडवणाऱ्या जाळ्या आणि दाब सोडणाऱ्या चकत्या बसवतात.

पण त्याची खूण सोपी आहे. इंजिन चालू असताना प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी हवेची नळी तपासा. आता लेझरचे थर्मामीटर मिळतात, ते वापरा. एक नळी शेजारणींपेक्षा गरम असेल, तर तो व्हॉल्व्ह गळतोय. लोड उतरवा, इंजिन थांबवा, तो व्हॉल्व्ह काढून घासा किंवा बदला. "उद्या बघू" म्हणायचं नाही, कारण स्फोट पुढच्या किकला होतो.

झाडू आणि ड्रेन

वलगावात बोलतोय आणि गाडगेबाबांचं नाव निघणार नाही, असं कसं होईल? २० डिसेंबर १९५६ ला याच वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. त्यांच्या हातात झाडू होता. इंजिनघरात त्या झाडूचं काम बाटलीखालचा ड्रेन करतो.

पावसाळ्यातला हिशोब करून बघा. ३० अंश तापमान आणि दमट हवा, म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम पाण्याची वाफ. आपल्या बाटलीत १५ घनमीटर हवा कोंबली, म्हणजे ३०० ग्रॅम पाणी आत आलं. दाबल्यावर ती हवा अर्ध्या घनमीटरच्या जागेत बसते आणि तेवढ्या जागेत वाफ पंधराएक ग्रॅमच मावते. बाकीचं पाणी होतं. थोडं कॉम्प्रेसरच्या कूलरपाशी निघतं, बाकीचं बाटलीत. एकदा बाटली भरली की पाव लिटरच्या आसपास पाणी. ते काढलं नाही तर व्हॉल्व्ह गंजतात, एअर मोटरच्या पात्या जाम होतात आणि बाटलीची भिंत आतून पातळ होते.

रोज सकाळी ड्रेन उघडा. पाणी आलं तर ठीक. ऑइल जास्त आलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा बघा, कारण तेच ऑइल पुढे स्फोटाचं जळण होतं. ड्रेन बंद करा, मुख्य व्हॉल्व्ह पुन्हा उघडा, घड्याळ बघा, वहीत लिहा. पाच मिनिटं.

आणि दर आठवड्याला इंजिन खरोखर सुरू करून बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, दवाखाने जनरेटरवर आले. अशी वेळ तारीख सांगून येत नाही. फुकुशिमाला ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर आणीबाणीची डीझेल इंजिनं सुरू झाली होती, पुढे समुद्राच्या पाण्याने ती गेली. पण सहाव्या युनिटचं हवेने थंड होणारं एक इंजिन वाचलं, आणि त्या एका इंजिनाच्या विजेने पाचव्या आणि सहाव्या अणुभट्ट्या सावरल्या. एक इंजिन वेळेला उभं राहणं याची किंमत तेवढी असते.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, इंजिन लागते, पण दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा बंद पडते. मंग ते काऊन?*

चांगला प्रश्न, दादा. इथे तिन्ही प्रश्नांची उत्तरं "हो" आली, म्हणजे हवेच्या मागे लागू नका. आता कोणीतरी त्याला बंद करतंय किंवा उपाशी ठेवतंय. पॅनलवर कोणता ट्रिप आला ते आधी वाचा. ऑइलचा दाब वेळेत चढला नाही, ओव्हरस्पीड दाखवलं, की वेग मोजणारा पिकअप सैल झाला? ट्रिप नसेल तर डीझेल. पाइपातलं होतं तेवढं जळलं आणि मागून आलं नाही. फिल्टर आणि टाकीचा व्हॉल्व्ह बघा. आणि ऑइलच्या दाबाचा ट्रिप बायपास करून इंजिन चालवायचं नाही. बेअरिंग गेल्यावर जो खर्च येतो त्यात एका रात्रीचं उत्पादन कुठल्या कुठे जातं.

*गळणारा स्टार्टिंग व्हॉल्व्ह इंजिन बंद असताना ओळखता येतो का?*

येतो. पण कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीनेच. साधारण असं की इंजिन थांबलेलं, टर्निंग गिअर काढलेला, फ्लायव्हीलजवळ कोणी नाही, इंडिकेटर कॉक सगळे उघडे. डिस्ट्रिब्यूटरकडची हवा बंद ठेवून फक्त मुख्य पाइपात हवा सोडायची. ज्या कॉकमधून हवा येईल तो व्हॉल्व्ह गळतोय. या वेळी इंजिन अचानक फिरू शकतं हे धरूनच उभं राहा.

*हवा कमी असली तर एकदा नशीब आजमावायला काय हरकत आहे?*

ताई, हरकत अशी की ती शेवटची हवा आहे. १२ बारवर मारलेली किक बहुतेक वेळा इंजिन पेटवत नाही, फक्त बाटली ८ वर आणते. तेवढ्या वेळात रॅक बघा, धूर विचारा, डीझेल कॉम्प्रेसर लावा. आणि त्या कॉम्प्रेसरचा पट्टा जागेवर आहे का, ते उद्या सकाळी कामावर गेल्या गेल्या बघा. आम्ही चक्कीवाल्याला रात्री उठवलं होतं. तो भला माणूस होता, पण प्रत्येक गिरणीजवळ चक्की असेलच असं नाही.